मदत हवी आहे: ५६१ ला प्रोग्रॅम मूळ संख्या का म्हणतोय?

घातांक: फर्माच्या चाचणीवर मूळ संख्या ओळखणारा प्रोग्रॅम लिहिलाय (काही संख्या, म्हणजे पाये, घ्यायचे, त्यांच्या घाताला तपासायच्या संख्येने भागायचं; ती मूळ असेल तर बाकी ठरलेलीच येते). ५०० पर्यंत सगळं बरोबर, ५६१ आलं की "मूळ". पाये वीसचे पन्नास केले तरी तेच. पुढचं सगळं अडलंय, लवकर सांगा.

बाकीशून्य: ५+६+१ = १२, म्हणजे ३ ने भाग जातो. ५६१ = ३ × ११ × १७. मूळ नाहीच.

घातांक: ते माहीत आहे हो. प्रोग्रॅम का फसतो ते विचारतोय.

शेषफल: नेमकं काय तपासता? पाया अ, तपासायची संख्या न: अ^(न−१) ला न ने भागून बाकी १ येते का, की अ^न ची बाकी अ येते का?

घातांक: दुसरं. पाये रँडम, २ ते न−१ मधले.

शेषफल: मग पाचशे पाये घ्या, तरी सापडणार नाही. ५६१ ही सर्वांत लहान कारमायकेल संख्या, म्हणजे मूळ नसूनही या चाचणीत मूळ भासणारी. तिच्या प्रत्येक अवयवातून १ वजा करा: २, १०, १६. तिघांनीही ५६० ला नि:शेष भाग जातो, आणि एकही अवयव दोनदा येत नाही. एवढं जमलं की कुठल्याही अ साठी अ^५६१ ची बाकी अ च. हा कोर्सेल्टचा १८९९ मधला निकष. पहिल्या प्रकाराने तपासलं असतं तर १ ते ५६० पैकी ३२० पाये फसले असते; ३, ११ किंवा १७ च्या पटीतल्या २४० पायांनी तिला पकडलं असतं.

चाळणी: एवढं कशाला? आधी ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागा, मग फर्मा. ५६१ पहिल्याच फटक्यात बाद.

शेषफल: ५६१ बाद, पण २९४४०९ चं काय? ३७ × ७३ × १०९, तीही कारमायकेल.

चाळणी: मग १०० पर्यंत भागा, वेळ तो किती लागतो?

शेषफल: ५६०५२३६१ = २११ × ४२१ × ६३१. मर्यादा वाढवत बसण्यात अर्थ नाही, चाचणीच बदला.

त्रिकोणी: ५६१ म्हणजे १ ते ३३ ची बेरीज! षट्कोणी संख्याही आहे, १७ × ३३.

घातांक: छान, पण माझा प्रोग्रॅम?

वर्गमूळ: मिलर-राबिन लिहा, ती फर्माचीच जास्त कडक चाचणी. न−१ ला विषम संख्या उरेपर्यंत २ ने भागा: ५६० = १६ × ३५. २^३५ ची बाकी २६३. तिचा वर्ग करत, दरवेळी ५६१ ने भागत जा: १६६, ६७, १. न मूळ असती तर १ च्या आधी १ किंवा न−१ च आलं असतं. इथे ६७ आलं, म्हणजे संयुक्त. वर ६७ − १ = ६६ आणि ५६१ चा मसावि ३३, अवयवही हाती लागले. मात्र एकट्या २ वर थांबू नका, २०४७ (२३ × ८९) निसटते. २, ३, ५, ७ हे पाये ३२१५०३१७५१ च्या खाली पुरतात. ६४ बिटांसाठी ३७ पर्यंतच्या बाराही मूळ संख्या घ्या.

घातांक: ५६१ आणि २०४७ आता संयुक्त येतात. पण १०००००३ पण संयुक्त दाखवतोय, ती तर मूळ आहे.

वर्गमूळ: भाषा कोणती? वर्ग कशात ठेवता?

घातांक: सी. साधा इंट.

वर्गमूळ: तिथेच घोळ आहे. बाकी दहा लाखांपर्यंत जाते, वर्ग १०^१२ पर्यंत. इंटच्या ३२ बिटांत मावत नाही. ६४ बिट घ्या. न स्वतः ३२ बिटांपलीकडे गेली की गुणाकाराला १२८ लागतील. आणि न = २, ३, ५, ७ (किंवा जे पाये घ्याल ते सगळे) आधीच वेगळ्या काढा; पाया आणि न सारखे झाले की बाकी शून्य येते आणि मूळ संख्या संयुक्त ठरते.