आईला मेट्रोत नुसतं फिरवायचंय, कुठली लाईन बरी?

सातारकर: आई पहिल्यांदाच मुंबईला येतेय. काम काही नाही, वरून शहर बघायचं म्हणते. कुठून बसवू?

घाटकोपरवाली: वर्सोवा–घाटकोपर. २०१४ला सुरू झाली तेव्हापासून जातेय. ११.४ किमी, वीसेक मिनिटांत संपते. वर्सोव्याहूनच बसा, जागा मिळते. अंधेरीला लोकलचे रूळ पायाखालून जातात. इतकी वर्षं त्या गर्दीत लोंबकळले, त्यामुळे वरून बघताना अजून चोरटा आनंद होतो! पुढे हायवेवरचा केबलचा पूल. पण खरी गंमत असल्फ्याला. टेकडीवर एकावर एक रचलेली निळी, पिवळी, गुलाबी घरं. साकीनाक्याकडे तर खिडक्या इतक्या जवळून जातात की परवा एका ग्रिलमध्ये उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी दिसली, वर फडकं बांधलेलं. कैरीचं की लिंबाचं, तेवढं कळेपर्यंत गाडी पुढे.

बोरिवलीकर: ऑफिस सुटायच्या वेळी मात्र नको, काकूंना नुसत्या पाठी दिसतील. निवांत हवं तर दुपारी गुंदवली–दहिसर करा.

सातारकर: आईला वाचून दाखवलं. म्हणते, साकीनाक्यावरून दोनदा जाऊ, कैरीचंच असणार.