मदत हवी आहे : ल्युसिल बॉल यांची निर्माती म्हणून कारकीर्द

अमेरिकी दूरचित्रवाणी अभिनेत्री ल्युसिल बॉल (१९११–१९८९) यांच्यावर मी लेख लिहीत आहे. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लुसी’ या विनोदी मालिकेतील त्यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ साहित्य मिळाले, माझे घोडे अडले आहे ते त्यांच्या उद्योजकतेपाशी. घटस्फोटानंतर, १९६२ मध्ये, माजी पती देसी आर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन त्या ‘देसिलू’ या निर्मितीसंस्थेच्या प्रमुख झाल्या आणि ‘स्टार ट्रेक’ ही मालिका त्यांच्याच कारकिर्दीत तेथे उभी राहिली, ज्याचे श्रेय, माझ्या मते, त्यांना पुरेसे दिले जात नाही. १९६७ मध्ये संस्था विकेपर्यंतच्या या काळाविषयी एखादे विश्वसनीय पुस्तक किंवा मुलाखत कोणी सुचवू शकेल का? शिवाय, ‘सिटकॉम’साठी ‘प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका’ याहून सुटसुटीत मराठी शब्द कोणता वापरावा?