स्टील गिटारच्या जुन्या तबकड्या : पुन्हा काढाव्यात की जाऊ द्याव्यात?

परभणीकर

अंबाजोगाईकरांचा कालचा मजकूर वाचून गप्प बसवले नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. स्टील गिटारवादक व्हॅन शिपली यांच्या, एचएमव्हीने काढलेल्या आणि आता सहजी न मिळणाऱ्या चित्रपटगीतांच्या तबकड्या रीतसर परवाना घेऊन पुन्हा प्रकाशित व्हाव्यात आणि त्यासाठी मराठवाड्यातल्या श्रोत्यांनीही वर्गणी काढावी, अशी सूचना येथे आली होती. त्यावर अंबाजोगाईकर म्हणतात की, लताबाई आणि रफीसाहेब मूळ आवाजात हवे तेव्हा ऐकायला मिळत असताना त्यांच्या गाण्यांची तारेवरची नक्कल पुन्हा काढणे हा रिकामा उद्योग आहे, आणि ही वादने तशीही टॉकीजमध्ये पिक्चर सुरू होईपर्यंतचा वेळ भरून काढण्यासाठीच होती.

टॉकीजमध्ये ती वाजत, हे मान्य. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन मिनिटे उरली की तेथेही वाजत. पण वाजवणारा कोण आहे, याची चौकशी आपण कधी केली का? शिपली लखनौचे, जन्म १९२७ चा. अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले, व्हायोलिन आणि गिटार या दोन्हींवर हुकमत असलेले, आणि नेहमीच्या गिटारने भागेना म्हणून आठ तारांची विजेवरची गिटार स्वतःसाठी घडवून घेणारे वादक. ही गिटार मांडीवर आडवी असते, तारा पडद्यांपासून उचललेल्या असतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते. म्हणजे सूर कोठे थांबवायचा हे पडदा सांगत नाही, कान सांगतो. लताबाईंची एखादी मुरकी शब्दांचा आधार नसताना त्या कांडीने काढायची, तर श्वासाच्या जागी काय करायचे आणि तार विझत आली की पुढचा आघात कोठे द्यायचा, हे सगळे वादकाला नव्याने ठरवावे लागते. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी एकदा ती कांडी हातात धरून पाहावी.

शिपली २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीने शिपली, हजारासिंग, सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध अशा वादकांच्या चित्रपटगीतांच्या वादनांचा संग्रह काढला. चरणजितसिंग या वादकाची १९८२ ची तबकडी येथे कोणी विचारली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि सत्तरी ओलांडल्यावर त्या गृहस्थांना परदेशात कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागली. आपल्या घरातल्या वस्तूची किंमत प्रत्येक वेळी परक्यानेच येऊन सांगायची का?

अंबाजोगाईकर

परभणीकरांचा अभ्यास दांडगा आहे, पण त्यांनी दिलेले उदाहरण त्यांच्याच विरोधात जाते. चरणजितसिंगांची ती तबकडी सिंथेसायझरवर वाजवलेल्या रागांची होती. तिच्यात कोणाच्या चित्रपटगीताची चाल नव्हती, आणि म्हणूनच तिला नव्याने श्रोता मिळाला. त्यांनीच स्टील गिटारवर जी चित्रपटगीते वाजवली, त्यांच्यासाठी परदेशातून बोलावणी आल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला स्टील गिटारचे वावडे नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर राग मांडले, १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण आजही बाजारात आहे, आणि ते टिकले याचे कारण ते स्वतःच्या पायावर उभे आहे. जे टिकले नाही ते का टिकले नाही, असा प्रश्न विचारायचाच नाही काय? ज्यांना आठवणी उजळायच्या आहेत, त्यांच्यासाठी लोकांनी हौसेने आंतरजालावर चढवलेली वादने फुकट उपलब्ध आहेत. वर्गणी कशासाठी?

सेलूचा साऊंडवाला

अंबाजोगाईकर साहेब, आमच्या वडिलांची साऊंड सर्व्हिस होती. लग्नात मंगलाष्टके झाली की पंगत बसायची आणि पंगतीला गाण्याची तबकडी लावायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. कारण गाणे लावले की वऱ्हाडी मंडळी आपापली फर्माईश घेऊन मशीनपाशी येत, आणि गिटार लावली की मुकाट जेवत. कर्ण्यातून गायकाचा आवाज फाटायचा, पण गिटार मात्र गावाच्या वेशीपर्यंत स्वच्छ जायची. तेव्हा तिला वेळ भरून काढण्याचे साधन म्हणणाऱ्यांनी चारशे माणसांची पंगत एकदा तरी सांभाळून पाहावी.

आता दुसरी गोष्ट. वडिलांच्या माघारी त्यांच्या ईपींची, म्हणजे चारेक गाण्यांच्या छोट्या तबकड्यांची, पेटी माझ्याकडे आली. दरवर्षी मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या वस्तूचे काय होते हे आपल्या भागात सांगायला नको. काही तबकड्या अशा वाकल्या की सुई एका बाजूला चढून दुसऱ्या बाजूला घसरते. चांगल्या राहिल्या होत्या त्या, संगणकावर उतरवून महिन्याभरात परत देतो, असे सांगून एक सुशिक्षित गृहस्थ घेऊन गेले. त्यांतल्या दोन वादनांच्या चित्रफिती पुढे आंतरजालावर दिसल्या, वर त्या गृहस्थांचे नाव मोठ्या अक्षरांत. तबकड्या मात्र आजतागायत परत आलेल्या नाहीत. फोन केला की ते मीटिंगमध्ये असतात. त्यामुळे 'फुकट उपलब्ध आहे' हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते. फुकट कोणाच्या जिवावर?

लातूरचा वकील

भावना बाजूला ठेवून कायदा पाहू. ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रकाशित झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण म्हणून आज कोणाचीही मालकी उरलेली नाही. शिपलींच्या तोवर निघालेल्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या यात आल्या. इतके वाचून लोक उड्या मारतात आणि तेथेच फसतात. वाजवलेली चाल हे वेगळे काम आहे आणि तिची मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालते. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चाल २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ओ. पी. नय्यर २००७ मध्ये गेले. त्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तबकडी मुक्त, पण चाल बांधलेली, अशी ही स्थिती आहे आणि हौसेने वादने चढवणाऱ्या बहुतेकांना तिची गंधवार्ता नसते.

मालक स्वतः काढत नसेल आणि इतरांनाही नकार देत असेल, तर कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार न्यायालयाकडे सक्तीच्या परवान्याची मागणी करता येते. पण त्यासाठी आधी मालकाला लेखी विचारावे लागते. येथे गळे काढणाऱ्यांपैकी कोणी साधे पत्र तरी पाठवले आहे काय?

नांदेडचा संग्राहक

पत्र पाठवण्याआधी काय छापणार ते ठरवा. मूळ ध्वनिफिती मिळाल्या नाहीत, तर जुन्या तबकड्यांवरूनच प्रत तयार करावी लागेल, आणि तेथे आजकाल जो अत्याचार चालतो तो पाहता न काढलेले बरे, असे म्हणायची वेळ येते. ७८ ची तबकडी लाखेची, तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली. खरखर ही त्या द्रव्यातच आहे. तिची खाच एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या ३३ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या, खाचेच्या तिप्पट रुंद असते. लोक एलपीची सुई त्या खाचेत सोडतात, ती तळाशी जाऊन घासते, आणि मग 'फारच खराब झाली आहे हो' म्हणत संगणकाने खरखर काढायला बसतात. खरखर जाते आणि तिच्याबरोबर तारेचा विझत जाणारा शेवटचा सूरही जातो. स्टील गिटारमध्ये ऐकण्यासारखे जे असते ते त्या विझण्यात असते. साफ केलेली प्रत काढणार असाल, तर माझ्याकडच्या तबकड्या मागायला येऊ नका.

गुलमंडीकर

संग्राहक महाशय, आपल्याकडच्या तबकड्या मागायला कोणी आल्याचे ऐकिवात नाही, कारण त्या कोणाला दिसतच नाहीत. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भंगारवाल्याने पोते उघडले की आपण आणि आपले दोन मित्र सकाळीच हजर असता, आणि एकदा आपल्या कपाटात गेलेली तबकडी पुन्हा उजेड पाहत नाही.

खरखरीचे म्हणाल, तर माझ्या आईला आता कमी ऐकू येते. तिला सिलोनवर ऐकलेली गिटार ऐकायची असते आणि आपली ती 'शुद्ध' प्रत लावली की ती विचारते, पाऊस पडतोय का? सामान्य श्रोत्यासाठी खरखर कमी केलेली प्रत काढली, तर कोणते आभाळ कोसळते?

नांदेडचा संग्राहक

आपल्या मातोश्रींबद्दल आदर ठेवून सांगतो की, ध्वनिमुद्रणाचे जतन हे एका कानाच्या सोयीने करायचे नसते. शिवाय नुसत्या खरखरीचा प्रश्न नाही. तबकडीचा वेग जेमतेम सहा टक्क्यांनी वाढला की सगळे वादन अर्ध्या स्वराने चढते. गिटारला पक्के पडदे नसल्याने एकट्या गिटारवरून ही चूक ओळखणे कठीण. शिपलींच्या सोबतीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स असले, तर त्यांच्या अकॉर्डियनचे पक्के सूर धरून वेग तपासता येतो. १९५४ पूर्वी प्रत्येक कंपनी खालचे आणि वरचे सूर यांचे प्रमाण आपापल्या पद्धतीने ठेवत असे, ते उलटे फिरवून घ्यावे लागते. हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आंतरजालावर गिटार चढवण्याऐवजी वरातीत बेंजो वाजवावा.

सेलूचा साऊंडवाला

बेंजोवाल्यांना मध्ये आणू नका. आमची अर्धी हयात त्यांच्यासोबत गेली आहे आणि त्यांच्यातला प्रत्येक जण आपल्यापेक्षा सुरात आहे.

जालन्याहून एक

मूळ मुद्दा कोणी मांडतच नाही. निजामाच्या काळात या भागाचे कान हैदराबादकडे होते, नंतर ते पुण्या-मुंबईकडे लागले, आणि आमच्याकडे काय वाजले, कोणी ऐकले, याची नोंद कोणीही ठेवली नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, तसाच हाही. उद्या या तबकड्या निघाल्या तरी प्रकाशन समारंभ पुण्यातच होणार.

लातूरचा वकील

शिपली लखनौचे, ध्वनिमुद्रण मुंबईचे, तबकड्यांचा कारखाना कोलकात्याजवळच्या डमडमचा. मराठवाड्याचा अनुशेष यात नेमका कोठे बसतो ते कृपया सांगावे. समारंभ जालन्यात ठेवू, खर्च आपण करावा.

परभणीकर

चर्चा खरखरीत अडकली आहे, ती सोडवण्यासाठी एक सरळ तोडगा सुचवतो. दोन्ही प्रती द्याव्यात. एक जशी तबकडीवर आहे तशी, योग्य सुईने आणि तपासलेल्या वेगाने उतरवलेली, आणि दुसरी हलक्या हाताने साफ केलेली. नांदेडकरांना पहिली, गुलमंडीच्या काकूंना दुसरी. त्याहून मोठे काम पुस्तिकेचे आहे. माझ्यासमोर आत्ता एक ईपी आहे. वेष्टणावर गाण्यांची नावे आहेत, चित्रपटांची आहेत, गिटारवादकाचे आहे. तबला कोणी वाजवला, अकॉर्डियनवर कोण, दोन कडव्यांमधले संगीत वाद्यांवर कोणी बसवले, याविषयी एक अक्षर नाही. ती माणसे किंवा त्यांच्यासोबत काम केलेले लोक हयात आहेत तोवर नावे मिळतील. आंतरजालावरच्या फुकट चित्रफितीत ही नावे कोण घालणार? तिच्यात तर बहुधा गिटारवादकाचेही नाव चुकलेले असते. अंबाजोगाईकर, वर्गणी यासाठी.

अंबाजोगाईकर

हा मुद्दा पहिल्याच मजकुरात आला असता, तर इतकी शाई वाया गेली नसती. साथीदारांची नावे नोंदवणे हे काम करण्यासारखे आहे, हे मी मान्य करतो. त्यासाठी तीच वादने पुन्हा ऐकावी लागणार असतील, तर तेही सोसू. पण प्रत्येक ईपीतले प्रत्येक वादन थोर आहे, हे मी मान्य करणार नाही. त्यांतली कितीतरी वादने एका दिवसात उरकल्यासारखी वाटतात, अंतरा पहिल्यांदा जसा वाजतो तसाच दुसऱ्यांदाही वाजतो. निवड करा. सगळेच काढाल, तर चांगले त्यात बुडून जाईल.

परभणीकर

निवड कोणी करायची? आपण?

अंबाजोगाईकर

ज्यांना दुसरा अंतरा ऐकू येतो त्यांनी.

सेलूचा साऊंडवाला

निवड नंतर करा. आधी तबकड्या कोणाच्या ताब्यात जातील, त्यांची पावती कोण देईल आणि परत कधी मिळतील, हे कागदावर लिहून द्या. वकीलसाहेबांनी तसा मसुदा केला, तर माझ्या पेटीत ज्या सरळ राहिल्या आहेत त्या मी देईन. वाकलेल्याही देईन, एखाद्यात हवे ते सापडले तर. संग्राहक महाशयांनीही आपले कपाट उघडावे.

लातूरचा वकील

मसुदा करतो. नुकसानभरपाईचे कलम घालतो. चालींच्या परवान्यासाठी पत्रही मीच लिहितो, पण कोणत्या वादनांसाठी हे परभणीकर आणि अंबाजोगाईकर यांनी मिळून मला कळवावे. दोघांच्या वेगवेगळ्या याद्या आल्या, तर दोन्ही परत करीन.

नांदेडचा संग्राहक

कपाट उघडण्यास हरकत नाही. मात्र तबकड्या घराबाहेर जाणार नाहीत. ज्याला उतरवून घ्यायच्या असतील त्याने यंत्र घेऊन नांदेडला यावे, आणि सुई मी पाहीन.