५० मीटर फ्रीस्टाईल ३०.४ वर अडकलंय, हात अजून वेगात कसे फिरवू?

विहिरीतला_मासा:
नमस्कार मंडळी. वय १९, सोलापूर, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. पोहायला शिकलो मोहोळकडच्या आजोळी, विहिरीत. मामांनी पाठीला डबा बांधला आणि ढकलून दिलं, एवढंच माझं प्रशिक्षण. गेली दोन वर्षं तलावावर सकाळी सहाच्या बॅचला जातो. ऑक्टोबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत आणि ५० मीटर फ्रीस्टाईलला गाडं ३०.४ सेकंदांवर रुतलंय. चार महिने झाले. जोर, बैठका, डंबेल, सगळं करून झालं. हात पूर्वीपेक्षा नक्की वेगात फिरतात, मित्र म्हणतात पंखा लावलाय. तरी घड्याळ हलत नाही. शेवटच्या १५ मीटरला तर कुणीतरी मागून चड्डी धरून ओढतंय असं वाटतं. हात अजून वेगात फिरावेत म्हणून कुठला व्यायाम करू?

होटगीरोड_भाऊ:
हात फिरवलालास का ताक घुसळलालास बे? आधी चड्डी बदल. ढगळ बर्मुडा घालून उतरणारे रोज बघतो. त्यात पाणी भरलं की पोतं ओढल्यागत होतंय. बाकी ताई येतील आता, त्यांना विचार.

नवीपेठ_६८:
तुम्हा मुलांना घाई फार. आम्हाला हात पाण्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वळवायला शिकवलं होतं. बाहेर, आत, पुन्हा बाहेर. तू सरळ मागे ओढत असशील, म्हणून पाणी निसटतं. शिवाय रोज दोन किलोमीटर संथ पोह. दम आला की वेग आपोआप येतो.

गणवेशवाली:
मासा, व्यायामाचं नंतर बघू. आधी तीन आकडे दे. डोकं १५ मीटरच्या खुणेला पोचतं तेव्हा घड्याळात किती होतात? तिथून भिंतीपर्यंत हात किती पडतात? आणि श्वास किती वेळा घेतोस? मित्राला काठावर उभं कर, फोनवर शूटिंग कर. अंदाजाने सांगू नकोस.

विहिरीतला_मासा:
ताई, आज मोजलं. १५ मीटरला ७.८. पुढे ४८ हात, डावा-उजवा वेगवेगळे धरून. श्वास दर दुसऱ्या हाताला. आणि भाऊ, बर्मुडा नाही, जॅमर घालतो, गुडघ्यापर्यंतची अंगाला घट्ट बसणारी चड्डी.

गणवेशवाली:
आता हिशेब करू. आधी माझ्याबद्दल: १९९० च्या दशकात राज्य पातळीपर्यंत पोहले, पदक एकच आणि तेही रिलेचं, तेव्हा फार मोठी समजू नकोस. सध्या शाळांचे गणवेश शिवायचा धंदा आहे, आठ मशिनी आहेत, आणि मला सगळं जग मशिनीसारखं दिसतं.

३०.४ मधून ७.८ वजा कर. राहिले २२.६ सेकंद, ३५ मीटरसाठी. त्यात ४८ हात, म्हणजे मिनिटाला जवळपास १२७. बाळा, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतले पुरुषसुद्धा मिनिटाला १२० ते १३० हात मारतात! तुझे हात त्यांच्याइतकेच फिरतात. फक्त तुझा एक हात तुला ७३ सेंटिमीटर पुढे नेतो, त्यांचा मीटरभर किंवा थोडं जास्तच.

मशिनीवर कापड किती वेगाने सरकतं? टाक्याची लांबी गुणिले मिनिटाचे टाके. कापड पुढे ढकलणारे खालचे दात झिजले की मोटर कितीही पळव, सुई एकाच जागी वरखाली होते, कापडाचा भुगा होतो आणि पोरगी म्हणते मशीन बिघडली. तुझी मोटर झकास आहे. तुझे दात झिजलेत.

दात म्हणजे तळवा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात. तू न पाठवलेलं शूटिंगसुद्धा मला दिसतंय: हात पुढे पडला की तू लगेच तळव्याने पाणी खाली दाबतोस आणि कोपर गळतं. खाली दाबलं की छाती वर येते, कंबर बुडते. पुढे जायला पाणी मागे ढकलावं लागतं, खाली नाही. तलावाच्या काठावर तळवे टेकून अंग वर उचलतोस ना? तेव्हा कोपर वर आणि तळवा खाली असतो. पाण्यातही अगदी तसंच. हात आत गेला की बोटं तळाकडे वळव, कोपर वरच राहू दे, मग सगळा हात एकदम मागे. मूठ वळून २५ मीटर पोहून बघ. मुठीने काही मिळत नाही म्हटल्यावर कोपरापुढचा हात आपणहून कामाला लागतो. नंतर मूठ उघडलीस की तळव्याला पाणी जड लागेल. ते जड लागणं लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल.

पाण्याबाहेर हात वाकवून आणायचा की पवनचक्कीसारखा सरळ, यावर तुम्ही मुलं तासभर भांडता. आखूड पल्ल्याच्या शर्यतीत सरळ हाताचे खूप जण दिसतात, वाकवणारेही जिंकतात. खांद्याला सोसेल तसं कर.

आता मान. विहिरीत शिकलेला पोरगा मला काठावरून ओळखू येतो, कारण तो समोर बघत पोहतो. विहिरीत बघावंच लागतं म्हणा, वरून कोण कधी मुटका मारेल याचा नेम नाही. तलावात मात्र डोकं वर की पाय खाली, आणि मग अख्खं अंग नांगरासारखं पाण्यात रुततं. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेव. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग १० टक्के वाढवायचा तर विरोध २१ टक्क्यांनी वाढतो आणि ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. एवढी ताकद डंबेलमधून कधी यायची? आडवं होणं फुकट आहे. मागून चड्डी कोण ओढतंय ते कळलं ना? तुझीच कंबर.

श्वास. ४८ हातांत २४ वेळा डोकं फिरवतोस! ५० मीटरला वरच्या पातळीचे पुरुष एकदा श्वास घेतात, कित्येक जण घेतच नाहीत. तू उद्याच त्यांची नक्कल करू नकोस. सहा-सातवर ये, मग चारवर. आणि हे नीट ऐक: दम कोंडायचा सराव एकट्याने कधीही करायचा नाही, आणि उतरण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्याने शरीराला श्वासाची हाक उशिरा येते आणि माणूस पाण्याखाली शुद्ध हरपतो. चांगले पोहणारेही यात गेलेत.

शेवटचं, आणि तुझ्यासाठी सर्वांत मोठं: १५ मीटर ७.८. जगातले आघाडीचे पुरुष हे अंतर सव्वापाच सेकंदांच्या आसपास कापतात. त्यांचं सोड, पण साडेसहा-सात तुझ्या आवाक्यात आहे. उडीनंतर पहिल्या क्षणी तुझा जो वेग असतो तो पुढे अख्ख्या शर्यतीत पुन्हा येत नाही. तू तो पोट आपटून घालवतोस आणि लगेच हात मारायला लागतोस. बोटं गेली त्याच भोकातून डोकं, कंबर, पाय गेले पाहिजेत. तळव्यावर तळवा, दंड कानाला चिकटलेले, पावलं जुळलेली. वेग ओसरायच्या आत डॉल्फिनसारखे पाय मार आणि मग वर ये. नियमाने १५ मीटरला डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं, पण तू तिथवर आत राहू नकोस, तुझे पाय तेवढे चांगले नाहीत. सूर खोल बाजूलाच मार, उथळ बाजूला नाही.

विहिरीतला_मासा:
ताई, पोट आपटतो हे तुम्हाला न बघता कसं कळलं? पाय चांगले नाहीत हेही खरं, फळी धरून नुसते पाय मारले तर २५ मीटरला मिनिट लागतं. एकदा तर चक्क मागे गेलो.

होटगीरोड_भाऊ:
मागे गेला 😂 रिव्हर्स गिअर लागला की बे.

गणवेशवाली:
हसू नका भाऊ, असं होतं. घोटे ताठ असले की पाऊल कुऱ्हाडीसारखं खाली लोंबतं आणि पाणी पुढे ढकलतं. पळणाऱ्यांचे, सायकलवाल्यांचे घोटे असेच असतात. मासा, रोज रात्री वज्रासनात बस, पावलांची वरची बाजू जमिनीला चिकटली पाहिजे. दोन मिनिटांपासून सुरू कर, गुडघा दुखला तर ऊठ. लाथ गुडघ्यातून नको, मांडीच्या सांध्यातून, लहान आणि भराभर. दोन हातांच्या एका फेऱ्यात सहा लाथा.

नवीपेठ_६८:
एस बद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. आम्ही काय चुकीचं शिकलो?

गणवेशवाली:
काका, मीही तेच शिकले. जेम्स काउन्सिलमन नावाचे मोठे अमेरिकन प्रशिक्षक होते, १९७२ ला सात सुवर्णपदकं जिंकलेला मार्क स्पिट्झ त्यांचाच. त्यांनी १९७० च्या सुमारास मांडलं की हात विमानाच्या पंखासारखा आडवा फिरला तर उचल मिळते. जगभर एस शिकवला गेला तो त्यातून. पुढे पाण्याखालचं चित्रीकरण आणि मोजमाप सुधारलं तेव्हा दिसलं की जोर मुख्यतः पाणी मागे ढकलण्यातूनच येतो. अंग कुशीवर वळतं म्हणून हाताची रेघ थोडी वाकडी दिसते, ती मुद्दाम काढायची नसते. तुम्ही चुकीचं शिकला नाहीत, त्या काळचं शिकलात.

दोन किलोमीटरच्या बाबतीत मात्र भांडण आहे. कॅमेरॉन मॅकेव्हॉय हा ऑस्ट्रेलियन पूर्वीच्या मानाने पाण्यात खूपच कमी अंतर पोहून, वजनं आणि आखूड, पूर्ण वेगाच्या धावा यांवर भर देऊन २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर २१.२५ मध्ये जिंकला, तेही तिशीत. संथ पोहून अंग संथच शिकतं. मासा, १२ ते १५ मीटर जीव तोडून, मग दोन मिनिटं काठाला धरून उभा राहा. असे आठ. नववा मारावासा वाटला तरी मारू नकोस. सुट्टीतल्या गर्दीत हे जमत नाही, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत उरक.

विहिरीतला_मासा:
तीन आठवड्यांनी आलोय. पहिल्या आठवड्यात ३०.९ आले आणि शेंगाचटणीसुद्धा गोड लागेना. तुमच्यावर रागही आला, खरं सांगतो. काल २९.६. १५ मीटर ७.१, पुढे ४२ हात, श्वास सात.

होटगीरोड_भाऊ:
जमलं की बे!

गणवेशवाली:
छान. पण वजाबाकी केलीस का? २९.६ मधून ७.१ गेले, राहिले २२.५. मधल्या ३५ मीटरला तू फक्त ०.१ कमावलंस, बाकीचे ०.७ उडीने दिले. पण टाका, म्हणजे एका हातात कापलेलं अंतर, ७३ सेंटिमीटरचा ८३ झालाय आणि सहा हात वाचलेत. मोटर मिनिटाला ११२ वर उतरलीय, म्हणून ३०.९ आले होते. नवीन टाका घालताना मशीन हळूच चालवतात. आता दर आठवड्याला थोडी वाढव. टाका ८३ चा टिकवून १२० ला पोचलास तर ३५ मीटर २१ सेकंदांत होतात. टाका आखूड व्हायला लागला की थांब, मागे ये.

आणि शेवट. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत २२.४७ आले आणि कांस्य ०.०१ ने हुकलं. इतकं बारीक असतं हे. त्यामुळे शेवटच्या पाच मीटरला श्वास नाही, तरंगत जाणं नाही, बोटं भिंतीत घुसवायची. हात अर्धवट राहिला तर अजून एक आखूड हात मारण्यापेक्षा लाथा मारत हात लांब कर. कुठे काय योग्य ते दहा वेळा करूनच कळतं.

विहिरीतला_मासा:
करतो. अडचण एकच, कॉलेजच्या परीक्षा लागल्यात, मित्र घड्याळ धरायला यायला तयार नाहीत.

नवीपेठ_६८:
मी सकाळी साडेसहाला तलावावर असतो. पांढरी टोपी. घड्याळ माझं आहे, हातही गणतो. एस मात्र मी सोडणार नाही.