अनुभव धागा : परीक्षेचा ताण आणि घरी न सांगितलेलं बरंच काही

परवा रात्री अडीचला भाचीचा मेसेज, "मावशी, जागी आहेस?" मी सकाळी पाहिला. दोन विषय राहिलेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही, एवढंच होतं. उत्तर लिहिता लिहिता माझंच दुसरं वर्ष आठवलं. निकाल लागलाच नाहीये, असं मी घरी सव्वा महिना सांगत होते. अभ्यासापेक्षा कोणाला कुठली थाप मारली हे लक्षात ठेवण्यातच जास्त डोकं जायचं. शेवटी बाबांना कळलं. ओरडले, पण दहाच मिनिटं.

त्या दहा मिनिटांच्या भीतीपोटी सव्वा महिना घालवला होता मी! तुमचं काय झालं होतं? सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

*

माझं व्हायवाच्या रांगेत झालं. छातीत धडधड, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या. हार्ट अटॅकच वाटला. ईसीजी नॉर्मल निघाला. पॅनिक अटॅक, डॉक्टर म्हणाल्या. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या. आणि बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत तो जोर गाठतो, मग ओसरायला लागतो. हे कळून अटॅक थांबले नाहीत. पण घड्याळाकडे बघायला शिकलो. सहाव्या मिनिटाला स्वतःला सांगायचो, अजून चार काढ.

*

मी कॉफीवाला. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या मगातलं अर्धं पहाटे तीनलाही अंगात. वर मीच तक्रार करायचो, झोप येत नाही आणि वाचलेलं राहत नाही!

*

जरा मोठं लिहिते. तिसऱ्या वर्षी मी रडत वगैरे नव्हते, म्हणून कुणाला शंका आली नाही. फक्त काहीच वाटेनासं झालं होतं. अंघोळ हेसुद्धा काम वाटायचं. पुस्तक उघडायचं, तीच ओळ चारदा वाचायची. "आळशीपणा वाढलाय" हे मी घरच्यांच्याही आधी स्वतःला म्हणून घेतलं. रूममेट हाताला धरून काउन्सेलरकडे घेऊन गेली. त्यांनी थेट विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. मला उलट सुटल्यासारखं झालं. "हो" म्हणाले. कुणी विचारलंच नव्हतं ना तोवर. पुढे सायकियाट्रिस्ट, गोळ्या. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. फरक पडायला महिना-सव्वा महिना गेला. मनाने गोळ्या बंद करायचा शहाणपणाही करून पाहिला, चक्कर येऊन पडले. एक सेमिस्टर बुडालं. आज ते कुणाला आठवतही नाही, मलासुद्धा मोजावं लागतं.

*

मी शिकवतो. प्रत्येक धडधडीला आजार म्हणू नये, थोड्या ताणाने अभ्यास होतोच, असं माझं मत. पण मागच्या बाकावरचा मुलगा यायचा बंद झाला, तेव्हा मी फक्त गैरहजेरी मांडत राहिलो. एक फोन करता आला असता.

*

धागाकर्ती : काल भाचीने घरी सांगितलं. पाठोपाठ ताईचा मला फोन, "तुला आधीच माहीत होतं ना?" आता माझी दहा मिनिटं.