शिमला ते कल्पा : दोघांचा निवांत प्रवास

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून ऑक्टोबरमध्ये मोटारीने शिमला, नारकंडा, सराहन आणि कल्पा ही गावे पाहणार आहोत. सौ.ना फार वेळ बसवत नाही. मुक्काम कसे ठरवावेत?

उत्तर : काका, दिवसाला एकच टप्पा ठेवावा. शिमल्याहून नारकंडा जेमतेम ६० ते ६५ किलोमीटर आहे. वाटेत सफरचंदांच्या बागांपाशी निवांत थांबता येते. सराहनला मात्र दोन रात्री राहावेच, कारण भीमाकाली मंदिराचे दगड आणि लाकूड यांच्या आलटून-पालटून थरांचे बांधकाम घाईत पाहण्यासारखे नाही.

दुसरे उत्तर : कल्पा २,७०० मीटरहून उंच असल्याने काकूंनी पहिल्या दिवशी विश्रांती घ्यावी. रात्री थंडी कडक असते, पण पहाटेचा किन्नर कैलास पर्वत चुकवू नये.