द्राक्षाच्या जाहिरातीत बाई खाताना दिसते, डिपिंग करताना नाही

वेलीखालची (तासगाव)

जाहिराती आणि बायका हा विषय निघाला की गाडी थेट गोरेपणाच्या क्रीमवर नाहीतर कपड्याच्या साबणावर जाऊन थांबते. त्यावर पुष्कळ बोलून झालंय. मला बोलायचंय ते आपल्या रस्त्याकडेच्या भिंतींवर.

तासगावहून सांगलीला जाताना भिंती वाचत जा. विद्राव्य खत, टॉनिक, ठिबक, पाइप, ट्रॅक्टर. माल वेगळा, माणूस तोच. फेटा, पीळ दिलेली मिशी, एका हातात घड, दुसऱ्या हातात बाटली. त्याच्या बागेत बाई औषधालाही सापडत नाही. आता ऑक्टोबर छाटणीनंतर खऱ्या बागेत जाऊन बघा. फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायला बाया, विरळणीला बाया, डिपिंगला बाया. एकेक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात बुडवायचा, हलवायचा, सोडायचा, पुढचा धरायचा. दिवसभर मान वर. पुढं बेदाणा केला तर शेडवर निवडायलाही बायाच. पुरुष ब्लोअर चालवतो, फवारतो, बाजार बघतो, हे मान्य. पण ज्या द्रावणात हात आमचे बुडतात, त्याच्या जाहिरातीत आम्हीच का नाही?

हे नुसतं रुसणं नाही. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "मालक नाही आले?" माहितीपत्रक हातात देतात तेही "मालकांना द्या" म्हणून. हातमोजे येतात ते पुरुषी मापाचे. बोटं ढिली पडतात, घड धरता येत नाही, म्हणून बाया ते काढून फांदीला अडकवतात. कंपनीच्या मेळाव्याचं निमंत्रण ह्यांच्या नावानं, आणि आम्ही तिथं पंगतीत वाढायला.

जाहिरात माल विकतेच, पण गिऱ्हाईक कोण हेही ठरवून टाकते. एकदा भिंतीवर ठरलं की दुकानदार, कंपनीचा पोरगा, बँकेचा साहेब सगळे त्याच माणसाशी बोलतात.

पेठेतला दुकानदार (सांगली)

ताई, राग मानू नका, पण तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. गिऱ्हाईक भिंतीनं ठरवलेलं नाही, सातबाऱ्यानं ठरवलंय. 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे 14 टक्के होत्या. उरलेले कोण ते सांगायला नको. आमच्या धंद्यात उधारी हंगामभर चालते, माल गेला की फिटते. वही ज्याच्या नावावर, कंपनीची जाहिरात त्याच्यासाठी. कंपनी भिंत रंगवते ती माल खपावा म्हणून. तिच्याकडून समाजसुधारणेची अपेक्षा कशाला?

आणि "मालक नाही आले?" यात अपमान कसला? जीएचं प्रमाण चुकलं तर मणी बिघडतात आणि बोल मला लागतो. जो पंपात औषध ओतणार, त्याला समजावून सांगितलेलं बरं.

आबा (कवठेएकंद)

बाई न्हाई दावली तर का न्हाई दावली, दावली तर बाईचा वापर केला. ढोल दोन्हीकडनं वाजवायचा. मागं एका पाइपाच्या क्यालेंडरवर हिरॉईन हुती, तवा बायकांनीच दुकानात जाऊन ते उतरवाय लावलं. आता म्हंत्यात भित्तीवर बाई पायजे.

माज्या घरात बाग कारभारीण बघती. तिला कुठली भित्त आडवी आली न्हाई. आणि येक ध्यानात घ्या, चित्र बगून कोण औषिद घेत न्हाई. शेजाऱ्याचा घड बगून घेतंय. शेजाऱ्यानं कंच्या कंपनीचं मारलं त्ये इचारायचं, दुकानात जायाचं, आणायचं. त्या फेटेवाल्याकडं बगायला येळ हाय कुणाला?

वेलीखालची

आबा, त्या कॅलेंडरवरच येते. तसलंच एक आमच्या स्वयंपाकघरात टांगलंय, आत्ता समोर आहे. नटी वेलीखाली उभी, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले. घडाला तिची फक्त बोटांची टोकं लागलीत, तीही एकाच मण्याला. अंगावर जरीची साडी, पायात चप्पलसुद्धा नाही. भिंतीवरचा बाप्या मात्र घड मुठीत धरतो, सरळ तुमच्याकडं बघतो.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात शेकडो छापील जाहिराती समोर मांडून हेच दाखवलं होतं. पुरुषाचा हात वस्तू पकडतो, वापरतो. बाईचा हात तिला नुसता स्पर्श करतो, कुरवाळतो. पुरुष ताठ, बाई झुकलेली. तो अमेरिकेतल्या जाहिरातींबद्दल बोलत होता, पण आमचं कॅलेंडर जणू त्यानं बघूनच लिहिलंय. तेव्हा माझी मागणी 'बाई दाखवा' एवढीच नाही. काम करणारी दाखवा. हे दोन वेगळे आहेत, आणि ते कॅलेंडर उतरवणाऱ्या बायकांना ते कळत होतं.

शेजाऱ्याचा घड बघून घेतात हे खरं. पण शेजाऱ्याला विचारायला तुम्ही जाता. वहिनी त्या बांधावर जाऊन विचारतात का?

मूळचा मिरजेचा (सध्या पुण्यात, जाहिरात व्यवसायात)

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत असं म्हणून सुटायचं नाही मला. मी दुकानदारांच्या बाजूचा आहे, निदान निम्म्या वाटेपर्यंत.

आमच्याकडे काम येतं तेव्हा पहिली ओळ असते, खरेदीचा निर्णय कोण घेतं. 1980 च्या दशकातल्या सर्फच्या ललिताजी आठवा. निरमा स्वस्त होता, सर्फ महाग. तेव्हा लिंटास या जाहिरात कंपनीत अलिक पदमसींनी कविता चौधरींना पडद्यावर आणलं ती पै-पैचा हिशेब मागणारी, भाजीवाल्याला न सोडणारी बाई म्हणून. ना लाजरी, ना नटवी. कारण साबण कुठला आणायचा हे घरात बाई ठरवत होती आणि तिच्या अकलेला हात घातल्याशिवाय महाग पुडा खपणार नव्हता. म्हणजे बाईच्या हातात पाकीट असलं की कंपनी तिला शहाणी दाखवते, कुणी मोर्चा काढावा लागत नाही.

गंमत अशी की पाकीट होतं ते किलोभर साबणाचं. एकरी लाखाच्या वर खर्चाच्या बागेचं नव्हतं.

पण चित्र फक्त मागून चालतं हेही खरं नाही. 2015 मध्ये एरियलनं विचारलं, कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का? तेव्हा घराघरांत बाप्ये कपडे धूत होते म्हणून नव्हे. वाद झाला, नाव झालं, साबणही खपला. धंद्याला पुढचं बघणंही परवडतं, पण कुणीतरी पहिला पैसा लावावा लागतो. शेतीच्या मालात कुणी लावलेला मला तरी दिसलेला नाही.

पेठेतला दुकानदार

बघा, म्हणजे पाकीट आधी, चित्र मागाहून. मी दुसरं काय म्हणत होतो?

नागठाण्याची नात

नाही दादा, चित्र आधी आल्याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व. रंगभूमीवर बायका नव्हत्याच. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हाची सीताही पुरुषच. पुढं बालगंधर्व स्त्रीभूमिका करायला लागले आणि घरंदाज बायका त्यांचं लुगडं, अंबाडा, दागिने बघून तसंच करायला लागल्या. बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषाच्या रूपावरून ठरलं. आधी मागणी कुणी केली होती? जाहिरात नव्हती, तरी काम जाहिरातीचंच झालं.

क्रीमचा विषय आधीच बाजूला ठेवलाय, पण एकच सांगते. 'गोरी सून' ही आवड कुठल्या कंपनीनं शोधलेली नाही, ती आमच्या आज्यांच्याही तोंडी होती. 1975 पासून 'फेअर अँड लव्हली' क्रीमनं एवढंच केलं की त्या आवडीची ट्यूब काढली आणि गोरेपणाला नोकरी जोडली. मुलगी सावळी, बाप हताश, क्रीम लावलं की हवाईसुंदरी. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी लावून धरल्या तेव्हा कंपनीनं 2003 मध्ये तसल्या जाहिराती थांबवल्या. नावातला 'फेअर' जायला 2020 उजाडावं लागलं. अजून आमच्या विश्रामबागेतल्या वधू-वर सूचक मंडळात रंगाचा रकाना पहिल्या पानावरच असतो.

बेदाणा शेड (कवठेमहांकाळ)

बाप्यांच्या बाजूनं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. त्या फेटेवाल्याचा त्रास आम्हालाही आहे. तो कायम हसतो. त्याच्या बागेवर डाऊनी रोग येत नाही, अवकाळी पाऊस पडत नाही, व्यापारी पैसे बुडवून पळत नाही. एकदा गारपिटीनं माझी अख्खी बाग झोपली. दुसऱ्या दिवशी बांधावर उभा होतो आणि समोर बोर्डावर हे महाशय घड उंचावून उभे. मनात आलं, हा एकटाच शेतकरी, आपण कोण?

पोरींना त्या क्रीमनं छळलं, मग 2005 मध्ये पुरुषांसाठीही गोरं करणारं क्रीम आलंच. पण शेतकऱ्याला जो 'कणखर बळीराजा' लावून दिलाय, त्यात कर्ज झालंय म्हणायची सोय नाही, घाबरलो म्हणायची सोय नाही, बायकोला विचारून सांगतो म्हणायची तर अजिबात नाही. आमच्यात सगळे हिशेब ही लिहिते. दुकानात मात्र मी पाठ करून बोलतो, जसं काय माझंच डोकं.

आबा

कवठेमहांकाळकर, ह्ये मातर खरं बोललासा. पर त्यात भित्तीचा काय दोष? त्ये आपल्यातच हाय. आमच्या वडलांनी कुठं बोर्ड बगितला हुता, तरी कर्जाचं घरात बोललं न्हाईत.

वकिलीण (विश्रामबाग)

कायद्याची आशा कुणाला असेल तर आधीच सांगते. 1986 चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा कायदा आहे, तो असभ्यतेपुरता. जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, 1985 पासून आहे; ती या धंद्यानंच धंद्यावर ठेवलेली देखरेख. तिनं जून 2022 मध्ये लिंगभेदाच्या साचेबद्ध चित्रणावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार बाई घर पुसताना दाखवायला बंदी नाही, पण ते काम बाईचंच आहे असं सुचवायचं नाही. त्याच महिन्यात एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत बलात्काराची भीती विनोदासारखी वापरली होती, ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं यूट्यूब आणि ट्विटरला उतरवायला लावली. ब्रिटनमध्ये असे नियम जून 2019 पासून आहेत. पहिल्या दोन जाहिराती ऑगस्टमध्ये अडकल्या. एकीत बाप खाण्याच्या नादात बाळाला विसरतात, दुसरीत पुरुष अंतराळात तरंगतात आणि बाई बाबागाडीशेजारी बसून राहते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तक्रार होते ती जे दाखवलंय त्याची. जे दाखवलंच नाही, त्याची तक्रार घेणारी खिडकी कुठंही नाही. तासगावच्या ताईंचं दुखणं नेमकं तिथलं आहे. फेटेवाला स्वतः काही गैर करत नाही. एकेक भिंत सुटी घेतली तर निर्दोष. रस्ताभर तोच दिसतो तेव्हा प्रश्न पडतो. आणि रस्त्यावर खटला भरता येत नाही.

दुकानदारांना एवढंच म्हणेन की सातबारा हा काही निसर्गनियम नाही. 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढं संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. त्यांतल्या किती बायकांच्या नावानं तुमच्याकडं खातं निघालं?

पेठेतला दुकानदार

मॅडम, नावावर असणं आणि व्यवहार करणं वेगळं. दोन-तीन बायकांच्या नावानं खाती आहेत माझ्याकडे. माल न्यायला पोरगा येतो, सहीला पोरगा येतो. त्या बाईंचं तोंडही मी बघितलेलं नाही. त्यांच्याशी बोलू नका असं मला कुठल्या कंपनीनं सांगितलंय?

भिंतीचा नमुना तयार येतो, त्यात आमचा शब्द चालत नाही. मेळाव्याचं मात्र बोलू शकतो. पुढच्या मेळाव्याला डिपिंगच्या टोळीची मुकादमीण बोलवा असं मी कंपनीच्या माणसाला सांगितलंय, कारण प्रमाण चुकतं ते बादलीपाशी, आणि बादलीपाशी ती असते. हे मी धंद्यासाठी करतोय, उगाच हार घालू नका.

वेलीखालची

हार नाही घालत. पण आता बादलीपाशी कोण असतं ते तुम्हीच सांगितलंत. वर म्हणाला होता, पंपात ओतणाऱ्याला समजावलेलं बरं.

आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडं ह्यांनी द्यायचा असतो, मी देऊन चालत नाही. 'बघू' म्हणालेत. तोवर या हंगामात मी रोखीनं घेते, बिल माझ्या नावानं करा. पुढच्या वर्षी त्याच नावावर उधारी देणार का ते आत्ता सांगा, म्हणजे कुणाच्या वहीत काय आहे ते कळेल.

पेठेतला दुकानदार

बिल करतो. उधारीचं पहिला हंगाम होऊ द्या, मग बोलू. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या वर्षी मी पुरुषालाही देत नाही, हवं तर वही दाखवतो. पण दुसऱ्या वर्षी जामीन लागेल, आणि तो जमीन नावावर असलेला लागतो.

वेलीखालची

म्हणजे परत हेच.